‘स्कॉट स्टीव्हन्ससारखा डिफेन्समन व्हायचंय’ म्हणणाऱ्या मुलाच्या आईला

कॅनडातल्या मिसिसागाच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा चौदा वर्षांचा, उंची आत्ताच पाच फूट दहा. आठ वर्षांचा असल्यापासून आइस हॉकी खेळतो, जागा डिफेन्सची. कोच म्हणतो, ‘पोरगा टफ आहे, त्याला तसाच घडवू.’ पोरगा रात्री पांघरुणात फोन घेऊन स्कॉट स्टीव्हन्सच्या जुन्या टकरींचे व्हिडिओ बघतो आणि असंच व्हायचंय म्हणतो. वडिलांचं म्हणणं, हे सगळं पुरे, उन्हाळ्यात क्रिकेट खेळ. ताईंना विचारायचंय की अशा दणकट डिफेन्समनचं व्यावसायिक करिअर खरंच असतं तरी कसं, चाळिशीत त्याच्या अंगात काय शिल्लक राहतं, आणि घरी आत्ता काय करायचं.

आधी माझी ओळख, म्हणजे कुठलं ऐकायचं आणि कुठलं सोडून द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी फिजिओथेरपिस्ट. मूळ कोल्हापूरकडचा, एकवीस वर्षं किचनरमध्ये. दिवसा क्लिनिक, आणि हिवाळ्यात संध्याकाळी ज्युनियर मुलांच्या संघाच्या बाकामागे उभा असतो, खिशात टेप आणि हातात बर्फाची पिशवी. स्वतः स्केटिंग शिकलो तिशीनंतर, आणि मागे सरकताना अजून पडतो. तेव्हा खेळ कसा खेळावा हे मला विचारू नका. खेळून शरीराचं काय होतं, ते मात्र मी हाताने चाचपलेलं आहे.

योगायोग असा की तुमच्या मुलाचा देव आमच्याच गावचा. स्कॉट स्टीव्हन्सचा जन्म किचनरचा, १ एप्रिल १९६४. किचनर रेंजर्स या इथल्या ज्युनियर संघाकडून एकच हंगाम खेळला, त्या वर्षी, म्हणजे १९८२ साली, संघाने ज्युनियर संघांचा मेमोरियल कप जिंकला, आणि वॉशिंग्टन कॅपिटल्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, पाचव्या क्रमांकावर त्याला उचललं. अठराव्या वर्षी थेट एनएचएल, म्हणजे इथली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग. मधली पायरीच नाही. पुढे २२ हंगाम, १६३५ सामने, न्यू जर्सी डेव्हिल्सच्या कप्तानपदी असताना १९९५, २००० आणि २००३ असे तीन स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, २००० च्या प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी, २००७ साली हॉल ऑफ फेम. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मात्र एकदाही नाही. इथले जुने लोक अजून त्यावरून कॉफी थंड होईपर्यंत वाद घालतात.

आता तुमचा मुलगा जे व्हिडिओ बघतो त्यात यातलं काहीच नसतं. त्यात असते ती दीड सेकंदाची टक्कर. समोरचा आडवा, प्रेक्षक उभे, संपलं. म्हणून माझं पहिलं काम सांगतो. आज रात्री त्याच्या शेजारी बसा, व्हिडिओ लावा आणि टक्कर व्हायच्या दोन सेकंद आधी थांबवा. टक्कर बघूच नका. स्टीव्हन्सचे पाय बघा.

तो धावत येत नाही. गुडघे वाकलेले, कंबर खाली, स्टिक एका हातात, आणि शेवटच्या टप्प्यात तो पाय मारणं बंद करून नुसता घसरत येतो. कारण लांबून जोर घेत येऊन आदळलात तर ती ‘चार्जिंग’ची पेनल्टी. कोपर अंगाशी चिकटलेलं. नजर पकवर, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीवर, नसते, समोरच्याच्या छातीवर असते. पक इकडेतिकडे नाचवून फसवता येतं, छाती ज्या दिशेला वळली त्याच दिशेला माणूस जातो. आमच्या कोल्हापुरात तालमीतले वस्ताद पोरांना जे पहिल्या महिन्यात शिकवतात तेच हे: आधी पवित्रा, मग डाव. दंड किती फुगलेत ते कुणी विचारत नाही, पाय कुठे आहेत ते बघतात.

आणि दुसरी गोष्ट, ती जागा. नव्वदच्या दशकात डेव्हिल्सचा जो बचाव होता त्याला इथे ‘ट्रॅप’ म्हणतात. मैदानाचा मधला पट्टा माणसं लावून बंद करायचा, पक घेऊन येणाऱ्याला बोर्डाच्या, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीच्या, कडेने रेटत न्यायचा. बिचाऱ्याला वाट उरते एकच: ब्लू लाइन, म्हणजे बचावाच्या हद्दीची रेषा, ओलांडता ओलांडता आतल्या बाजूला वळायचं. वळताना मान खाली जाते, कारण पक पायाशी असतो. आणि वळून जिथे जायचं तिथे स्टीव्हन्स आधीच उभा. लोकांना वाटतं त्याने शिकार शोधली. मला वाटतं, तो शिकार येणार त्या पाणवठ्यावर बसून होता. उंची ६ फूट २ इंच, वजन शंभर किलोच्या आतबाहेर. एनएचएलमध्ये त्याच्याहून उंच, त्याच्याहून जड पुष्कळ होते. त्यांच्या टकरींचे व्हिडिओ तुमचा मुलगा बघत नाही.

कोच ‘टफ’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नक्की काय आहे हे म्हणूनच विचारायला हवं. कारण त्याच स्टीव्हन्सचे दोन आकडे शेजारी ठेवा. १९८६-८७ च्या हंगामात पेनल्टीची, म्हणजे शिक्षा म्हणून बर्फाबाहेर बसायची, २८३ मिनिटं. तेव्हा तो हातमोजे टाकून मारामारी करणारा, पटकन तापणारा पोरगा होता. २००२-०३ मध्ये, तिसरा कप जिंकला त्या हंगामात, ४१ मिनिटं. वय ३८-३९, आणि तरीही त्याच्या बाजूने आत घुसायला कुणी धजत नव्हतं. मधल्या काळात डेव्हिल्सकडे लॅरी रॉबिन्सन कोच म्हणून आला, तो स्वतः मॉन्ट्रियलचा थोर डिफेन्समन. पेनल्टी बॉक्समध्ये बसलेला डिफेन्समन म्हणजे संघात एक माणूस कमी, हा साधा हिशोब आहे. सामन्याला सहाच डिफेन्समन असतात, तीन जोड्या. त्यातला वीस-पंचवीस मिनिटं बर्फावर राहणारा माणूस पाच मिनिटं आत बसला की उरलेल्यांची दमछाक होते. आणखी एक आकडा मला फार आवडतो: प्लस-मायनस. तुम्ही बर्फावर असताना समसमान खेळाडूंत तुमच्या संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. २२ हंगामांत स्टीव्हन्स एकदाही उणेमध्ये गेला नाही. या आकड्याचा व्हिडिओ होत नाही.

इथवर सगळं कौतुक झालं. आता ज्यासाठी तुम्ही विचारलंत ते.

२६ मे २००० ची फिलाडेल्फियातली रात्र. डेव्हिल्सचा फ्लायर्सविरुद्ध प्लेऑफमधला सातवा, निर्णायक सामना. फ्लायर्सचा एरिक लिंड्रोस मेंदूला मार बसल्यामुळे महिने बाहेर राहून एकच सामना आधी परतला होता. पहिल्याच पिरियडमध्ये तो पक घेऊन ब्लू लाइन ओलांडून आत वळला, मान खाली, आणि स्टीव्हन्सचा खांदा त्याच्या जबड्यावर बसला. लिंड्रोस गुडघ्यांवर कोसळला आणि कुशीवर वळला. रेफरीने शिट्टी दिली नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती टक्कर बसत होती. डेव्हिल्सनी सामना २-१ ने जिंकला, पुढे कपही. लिंड्रोस पुढचा अख्खा हंगाम खेळला नाही. त्यात संघाशी बिनसलेलंही होतं, पण डोकं हे कारण होतंच. नंतर परतला, बरी वर्षंही काढली, पण पूर्वीचा लिंड्रोस पुन्हा दिसला नाही.

तीन वर्षांनी, ७ जून २००३, अनाहाइममध्ये फायनलचा सहावा सामना. अनाहाइमच्या पॉल कारियाने पास देऊन टाकला होता, पक त्याच्याकडे नव्हताही, आणि स्टीव्हन्स आला. कारिया पाठीवर, डोळे मिटलेले, हालचाल नाही. कॅमेरा जवळ गेला तेव्हा हेल्मेटच्या पारदर्शक काचेवर एकदम वाफ धरली. श्वास आला. मी हा तुकडा शिकाऊ फिजिओंना दाखवतो, पण पुढचं दाखवण्यासाठी. काही मिनिटांतच कारिया बाकावर परत आला आणि एक सणसणीत गोल मारला. स्टेडियम वेडं झालं, ती कणखरपणाची कथा म्हणून आजही सांगतात. मी तिथे बाकामागे असतो तर त्याला परत जाऊ दिलं नसतं. म्हणजे, आज दिलं नसतं. तेव्हा मीही दिलं असतं, हे खरं बोलायला हवं. कारियाची कारकीर्द पुढे डोक्याच्या दुखापतींमुळेच आटोपली.

आणि स्टीव्हन्सचं काय? त्याच २००३ च्या प्लेऑफमध्ये, टॅम्पा बेविरुद्ध, प्रतिस्पर्ध्याने मारलेला पक त्याच्या कानाजवळ डोक्याला लागला. पक म्हणजे गोठवलेल्या रबराची चकती, एक इंच जाड, तीन इंच रुंद, सुमारे १७० ग्रॅम. टाके घालून तो पुढे खेळत राहिला, कप उचलला. पुढच्या हंगामात ३८ सामने झाले आणि जानेवारी २००४ नंतर तो पुन्हा बर्फावर उतरला नाही. निदान झालं मेंदूच्या आघातानंतर रेंगाळणाऱ्या लक्षणांचं. पुढचा हंगाम संघमालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला, आणि सप्टेंबर २००५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. दुसऱ्यांची कारकीर्द ज्या जागी तुटली, त्याचीही तिथेच तुटली. खांदे, गुडघे, कंबर २२ वर्षं टिकली. डोकं नाही टिकलं.

हे का होतं ते एकदा नीट समजून घ्या, कारण रिंकवर चांगल्या चांगल्या पालकांना वाटतं की महागडं हेल्मेट घेतलं की काम झालं. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, तेवढंच त्याचं काम आणि ते ते चोख करतं. पण कवटीच्या आत मेंदू ताकाने भरलेल्या तांब्यासारखा आहे. तांब्या पितळेचा असो की चांदीचा, धावता धावता एकदम थांबवलात की आतलं ताक हिंदकळणारच. डोकं झटक्यात वळलं की आतल्या बारीक तंतूंवर ताण येतो. सीटी स्कॅनमध्ये हे बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल आला, खेळू दे’ या वाक्याला काही अर्थ नाही. मला मात्र हे वाक्य दर हिवाळ्यात चार-पाच पालक तरी ऐकवतात, त्यातले एक-दोन स्वतः डॉक्टर असतात.

आता माझी स्वतःची चूक. इथे आल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या हिवाळ्यात, एका ज्युनियर संघाच्या बाकामागे होतो. सतरा वर्षांचा डिफेन्समन बोर्डावर आदळला, उठला, बाकावर आला. मी ठरलेले प्रश्न विचारले: आज कुठल्या संघाशी सामना, महिने उलटे म्हण. धडाधड उत्तरं दिली. कोच मागून म्हणाला, ‘बरा आहे ना?’ मी म्हटलं, बरा आहे. दोन शिफ्ट, म्हणजे बर्फावरच्या दोन छोट्या पाळ्या, खेळून तो परत आला आणि स्टिकला टेप गुंडाळायला बसला. टेप टाचेकडून टोकाकडे गुंडाळतात. त्याने अर्धी गुंडाळली, थांबला, टेप सोडवली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. मग शेजारच्याला विचारलं, ‘स्कोअर काय?’ शेजारच्याने सांगितला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा, ‘स्कोअर काय?’ समोर भिंतीवर स्कोअरबोर्ड लखलखत होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याला आत नेलं, तो उलटी करत होता. नंतर कळलं की महिने उलटे म्हणण्याचा सराव पोरं बसमध्ये करतात, परीक्षेसारखा. तो पोरगा चार महिन्यांनी बरा झाला, त्या वर्षी शाळेत एक विषय राहिला, हॉकी त्यानेच सोडली. माझं नशीब की एवढ्यावर निभावलं. तेव्हापासून मी उत्तरं कमी ऐकतो आणि हात जास्त बघतो.

सगळ्यांचं एवढ्यावर निभावत नाही. स्टीव्ह मोंटाडोर नावाचा डिफेन्समन होता, ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नव्हता, तरी अंगमेहनतीने एनएचएलमध्ये ५७१ सामने खेळला. कॅल्गरी, फ्लोरिडा, अनाहाइम, बॉस्टन, बफेलो, शिकागो असा संघामागून संघ. टक्कर घ्यायची, शॉट अंगावर झेलायचे, गरज पडली तर मारामारी करायची. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो गेला, वय ३५. टोरांटोच्या संशोधकांनी त्याचा मेंदू तपासला तेव्हा त्यात सीटीई, म्हणजे वारंवारच्या आघातांशी जोडलेला मेंदूचा ऱ्हास सापडला. नावं तुमच्या मुलाला माहीत असतात ती स्टीव्हन्सची. व्यावसायिक हॉकीत खपतात ते बहुतेक मोंटाडोर असतात. २०१८ मध्ये एनएचएलने तीनशेहून अधिक माजी खेळाडूंशी डोक्याच्या दुखापतींच्या खटल्यात १ कोटी ८९ लाख डॉलरची तडजोड केली, दोष मान्य न करता. माणशी हिशोब तुम्हीच करा.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर तुम्ही उद्याच स्केट्स विकायला काढाल.

नियम बदलले आहेत. मार्च २०१० पासून एनएचएलमध्ये डोकं हेरून केलेल्या, आंधळ्या बाजूने आलेल्या टकरीला बंदी आली, पुढच्या वर्षी ती आणखी व्यापक झाली. लिंड्रोसवरची ती टक्कर आज झाली तर, माझ्या मते, स्टीव्हन्स काही सामने घरी बसला असता. मुलांच्या हॉकीत तर त्याहून मोठा बदल झाला. पूर्वी अल्बर्टात ११-१२ वर्षांच्या मुलांना बॉडी चेकची, म्हणजे अंगाने टक्कर द्यायची, परवानगी होती, क्विबेकमध्ये नव्हती. कॅल्गरीच्या संशोधकांनी दोन्हीकडची पोरं मोजली, २०१० साली निष्कर्ष छापून आला: अल्बर्टात दुखापतींचा आणि मेंदूच्या आघातांचा धोका तिपटीहून जास्त. २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने देशभर त्या वयोगटातून बॉडी चेक काढून टाकला. म्हणजे तुमचा मुलगा टकरी शिकतोय तो आत्ता कुठे वर्ष-दोन वर्षं. हे चांगलंही आहे आणि धोक्याचंही. अंग मोठं, टकरीची भाषा मात्र नवी.

आणि कणखरपणाचं दुसरं रूपही आहे. त्याला झेडेनो काराचे व्हिडिओ दाखवा. स्लोव्हाकियातल्या ट्रेंचिनचा, उंची २०६ सेंटिमीटर. पोरवयात त्याला सांगितलं गेलं होतं की एवढी उंची हॉकीच्या कामाची नाही. वडील ग्रीको-रोमन कुस्तीगीर, १९७६ च्या ऑलिंपिकला गेलेले. त्यांनी घरच्या घरी पोराकडून मेहनत करून घेतली. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये ५६ वा क्रमांक, आधी न्यूयॉर्क आयलँडर्स, मग ऑटावा, २००६ पासून बॉस्टनचा कप्तान, २००९ ची नॉरिस, २०११ चा कप. २०१२ मध्ये त्याने मारलेला स्लॅपशॉट, म्हणजे स्टिक मागे उगारून मारलेला फटका, ताशी १०८.८ मैल वेगाचा मोजला गेला. १६८० सामने खेळून २०२२ मध्ये निवृत्त झाला तेव्हा डिफेन्समनांत तो आकडा सर्वाधिक होता. तो साधूसंत नव्हता. मार्च २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅक्स पॅचिओरेटीला त्याने बाकाजवळच्या काचेच्या खांबावर ढकललं, त्याचा मानेचा मणका मोडला, आणि त्यानंतर लीगने सगळीकडे त्या जागी गोलाई असलेली काच बसवली. पण काराचं रोजचं हत्यार होतं ते स्टिक. उंच खेळाडूंना लांब स्टिकची सवलत मिळते. तो ती बर्फावर आडवी धरायचा आणि आत यायची वाटच नाहीशी व्हायची. टक्कर द्यायची वेळच कमी यायची. निवृत्तीनंतर वर्षभरात तो बॉस्टन मॅरेथॉन पावणेचार तासांच्या आत पळाला. ताई, चाळिशीत काय उरतं म्हणून विचारलंत ना? हेही उरतं.

मानेखालचं शरीर तसं सांगण्यासारखं फार नाही, ते दुरुस्त होतं. डिफेन्समनचं कंबरेचं खुब्याचं हाड लवकर कुरकुरतं, कारण तो अर्धा वेळ मागे सरकतो, वाकून, पाय आतबाहेर फिरवत. जांघ दुखते म्हणून येणारी निम्मी पोरं खरं तर खुब्याची असतात. बोर्डाला आपटून खांद्याच्या वरचा सांधा सरकतो. शॉट अडवताना पावलाची हाडं मोडतात. मारामारीत करंगळीमागचं हाड. पस्तिशीत आलेला एखादा माजी व्यावसायिक खेळाडू माझ्या टेबलावर झोपतो तेव्हा त्याला डावी आणि उजवी बाजू सारखी नसते हे मी बोट न लावता सांगू शकतो. पण तो नातवंडांना उचलू शकेल. मला काळजी असते ती त्याला नातवंडांची नावं आठवतील का याची.

पैशाचं आणि जागेचं थोडं. स्टीव्हन्ससारख्याचंही आपल्या आयुष्यावर किती चालत होतं बघा. १९९० मध्ये सेंट लुईसने त्याला मोठा करार दिला, बदल्यात वॉशिंग्टनला पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट हक्क मोजले. एकच हंगाम झाला तोच सेंट लुईसने न्यू जर्सीचा ब्रेंडन शॅनाहन घेतला, आणि त्याची भरपाई म्हणून काय द्यायचं हे लवादाने ठरवलं: स्टीव्हन्स. सामान लावून झालेलं घर पुन्हा बांधा. त्याला जायचं नव्हतं. गेला, आणि तिथेच तीन कप जिंकले, तो भाग वेगळा. पण सत्ताविसाव्या वर्षी, संघाचा कप्तान असताना, माणूस पावतीसारखा एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

तुमच्या मुलापुढे रस्ता असा आहे. सोळावं वर्ष लागायच्या सुमाराला ओएचएलची, म्हणजे ओंटारियोच्या ज्युनियर लीगची, निवड होते. घर सोडून परक्या कुटुंबात राहणं, बसमध्ये अभ्यास, आठवड्याला दोन-तीन सामने. पूर्वी ओएचएलमध्ये एक सामना खेळलात तरी अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं, म्हणून पंधराव्या वर्षीच घरात भांडणं व्हायची. नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयाने ऑगस्ट २०२५ पासून ती अट गेली. म्हणजे आता ओएचएल खेळूनही कॉलेज शिल्लक राहतं. हा गेल्या वीस वर्षांतला आपल्यासारख्या घरांसाठी सगळ्यात उपयोगाचा बदल आहे, कारण शिक्षण सोडायचं म्हटलं की आपल्याकडे आजीपासून सगळे विरोधात. शिवाय ओएचएल संघ खेळलेल्या हंगामांच्या हिशोबाने कॉलेजच्या खर्चाचा करार करतात. तो कागद सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्या, शेजारच्या हॉकी-काकांकडून नाही.

आणि मारामारी करून जागा मिळवायचा काळ संपत आला. ओएचएलने २०१२ पासून हंगामातल्या मारामाऱ्यांना मर्यादा घातली, नंतर ती आणखी आवळली. २००५ नंतर एनएचएलने धरून-अडवून खेळण्यावर कडक पेनल्टी लावायला सुरुवात केल्यापासून संथ पण दणकट डिफेन्समनला वेगवान फॉरवर्ड उघडे पाडतात. आज कोच पहिल्यांदा बघतो ते दडपणाखाली पहिला पास नीट जातो का. तुमच्या मुलाचा कोच ‘टफ घडवू’ म्हणजे काय करणार, हे त्याला तीन प्रश्न विचारून समजून घ्या. गॅप, म्हणजे समोरच्यापासूनचं अंतर, शिकवण्यावर सरावातला किती वेळ जातो? टक्कर खाताना बोर्डाशी अंग कसं लावायचं हे शिकवता का? आणि मार लागल्यावर बाहेर काढायचा शेवटचा शब्द कुणाचा, तुमचा की ट्रेनरचा? तिसऱ्याचं उत्तर ‘आम्ही मिळून ठरवतो’ असं आलं, तर संघ बदला. हे मी सौम्य भाषेत सांगत नाहीये.

कायदा तुमच्या बाजूने आहे. ओंटारियोत २०१८ चा रोवन्स लॉ आहे. रोवन स्ट्रिंगर नावाची सतरा वर्षांची रग्बी खेळणारी मुलगी २०१३ मध्ये लागोपाठच्या डोक्याच्या आघातांनी गेली, तिच्या नावाने. संशय जरी आला तरी मुलाला लगेच बाहेर काढायचं, आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या परवानगीशिवाय पूर्ण खेळात परत नाही. मीसुद्धा ती परवानगी देऊ शकत नाही. परत येतानाही पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला किमान चोवीस तास, आणि शाळा आधी, बर्फ नंतर.

घरी करायचं ते मुलाशी करार. ओरडून नाही. आमच्या पोरांत डोकं दुखतंय म्हणणं म्हणजे संघाला दगा, अशी समजूत असते. त्याला सांगा की लपवलंस तर हॉकी बंद, सांगितलंस तर नाही, आणि ते पाळा. सामन्यानंतर गाडीत ‘बरं वाटतंय ना?’ विचारू नका, उत्तर ‘हो’ येणार. उजेड डोळ्यात जातोय का बघा, रेडिओ बंद कर म्हणतो का बघा, त्याच्या आवडीचं जेवण ताटात राहतंय का बघा. मराठी आईला हे मी शिकवायची गरज नाही, ताटात काय राहिलं यावरून तुम्ही ताप ओळखता.

राहता राहिलं क्रिकेट. त्याच्या बाबांना सांगा, त्यांचं निम्मं बरोबर आहे. हॉकी सोडायची गरज नाही, पण एप्रिल ते ऑगस्ट स्केट्स माळ्यावर टाका. वर्षभर बर्फावर राहणाऱ्या पोरांचे खुबे पंधराव्या वर्षी मी पन्नाशीचे झालेले पाहतोय. क्रिकेट खेळू दे, फक्त फास्ट बोलिंग नको, वाढत्या वयात कंबर तिथेही मोडते. स्लिपला उभा करा. गुडघे वाकलेले, वजन पंजांवर, हात पुढे. डिफेन्समनला तोच पवित्रा लागतो.